धोरण लंडनला ठरणार, डंपर चांदीपवरून जाणार

पोस्ट लांब आहे. पण विषय आपल्या डोंगराचा आणि आपल्या पैशाचा आहे, तेव्हा शेवटपर्यंत वाचा. पटलं नाही तर भांडा, पण वाचून भांडा.

जगात 'पब्लिश व्हॉट यू पे' नावाची एक आघाडी आहे. नावाचा अर्थ सरळ आहे : जे देता ते जाहीर करा. जमिनीतून तेल, वायू, सोनं, कोळसा काढणाऱ्या कंपन्यांनी सरकारांना किती पैसे दिले ते लोकांना कळलं पाहिजे, एवढीच मूळ मागणी. 1999 साली 'ग्लोबल विटनेस' या संस्थेने अंगोलावर एक अहवाल काढला. यादवी युद्धात होरपळणाऱ्या त्या देशातला तेलाचा पैसा सत्तेतल्या मंडळींच्या खिशात कसा जातो आणि परदेशी कंपन्या 'आमचा काय संबंध' म्हणून कशा गप्प बसतात, हे त्यात होतं. त्यातून 2002 मध्ये लंडनमध्ये ही आघाडी उभी राहिली. आज पन्नासच्या आसपास देशांत तिच्या राष्ट्रीय आघाड्या आहेत.

या लोकांनी कामं केली, हे आधी कबूल करू. त्यांच्या रेट्यामुळे सरकारं, कंपन्या आणि नागरिक संघटना यांना एका टेबलावर बसवणारा 'ईआयटीआय' हा उपक्रम उभा राहिला. त्यात आज पन्नासहून जास्त देश आहेत. 2010 मध्ये अमेरिकेत कायदा झाला. 2013 मध्ये युरोपीय संघाने नियम केला की खाण आणि तेल कंपन्यांनी प्रत्येक प्रकल्पामागे सरकारला किती दिलं ते छापायचं. हे छोटं यश नाही.

मग गाडी अडली कुठे? अमेरिकेतल्या कायद्याचा नियम 2017 मध्ये तिथल्या संसदेनेच रद्द केला. त्याच वर्षी अमेरिका 'ईआयटीआय'मधून बाहेर पडली. 2025 मध्ये अमेरिकेची परदेशी मदत देणारी यंत्रणा, म्हणजे 'यूएसएड', बंदच झाली आणि जगभरच्या संस्थांची दाणादाण उडाली. या आघाडीने 2020 ते 2025 साठी जी रणनीती आखली होती, तिची मुदतही संपली. म्हणजे पुढे काय, हा प्रश्न आता त्यांच्यापुढे आहे.

तुम्ही म्हणाल, लंडनच्या मंडळींना काय करायचं ते करू दे, चांदीपच्या माणसाला त्याचं काय?

काय ते सांगतो. 'जे देता ते जाहीर करा' ही मागणी आपल्या शिरसाड-मांडवी पट्ट्याइतकी जगात फार थोड्या ठिकाणी लागू पडत असेल. आणि तरी ही आघाडी, तिचे नियम, तिचे कायदे यांपैकी एकही गोष्ट आपल्यापर्यंत पोचलेली नाही. नवीन धोरण आखताना त्यांनी हीच चूक पुन्हा केली, तर त्या धोरणाला माझ्या लेखी रद्दीच्या भावापलीकडे किंमत नाही.

न पोचण्याची तीन कारणं

पहिलं. भारत 'ईआयटीआय'मध्ये नाही. कधीच नव्हता. 2011 साली खुल्या सरकारांची एक जागतिक भागीदारी उभी राहत होती, तिच्या तयारीत भारत होता आणि ऐनवेळी बाहेर पडला. म्हणजे या आघाडीचं जे मुख्य हत्यार आहे, ते या देशात म्यानातूनच निघत नाही.

दुसरं. त्यांची नजर तेल, वायू, सोनं, तांबं यांच्यावर. आता नवीन भर लिथियम आणि कोबाल्टची. आपल्याकडे काय आहे? काळा दगड, मुरूम, माती. कायद्याच्या भाषेत 'गौण खनिज'. शब्दच बघा ना, गौण. पण संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने 2022 मध्ये सांगितलं की जगात वर्षाला सुमारे 50 अब्ज टन वाळू आणि खडी वापरली जाते. पाण्याच्या खालोखाल माणूस हीच वस्तू सगळ्यात जास्त वापरतो. मुंबईचा प्रत्येक टॉवर, प्रत्येक पूल, मेट्रोचा प्रत्येक खांब या 'गौण' वस्तूवर उभा आहे. गौण खनिज नाही, गौण आहोत आपण, जे त्या डोंगराच्या पायथ्याशी राहतो.

तिसरं. युरोपचा नियम म्हणतो, एक लाख युरोच्या खालची देणी दाखवायची गरज नाही. तिथल्या मोठ्या कंपन्यांसाठी ती चिल्लर असेल. आपल्याकडे ते कोटभर रुपये झाले. शिवाय आपल्या खदानी चालवणाऱ्यांची नावं ना लंडनच्या शेअर बाजारात, ना न्यूयॉर्कच्या. त्यामुळे त्यांच्या जाळ्यात मोठे मासे येवोत न येवोत, आपल्याकडचे तर भोकातूनच निसटतात.

आता जरा हिशेब करू

महाराष्ट्रात दगड-मुरुमाची रॉयल्टी ब्रासवर मोजतात. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. दर आधी 400 रुपये होता, 2021 मध्ये 600 झाला. त्याशिवाय रॉयल्टीच्या 10 टक्के रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानला जाते. हे प्रतिष्ठान म्हणजे काय, ते बहुतेकांना ठाऊक नसतं, म्हणून सांगतो. 2015 मध्ये केंद्राने खाण कायद्यात दुरुस्ती केली आणि प्रत्येक खाणबाधित जिल्ह्यात एक निधी काढायला लावला. कशासाठी? खाणीमुळे ज्यांचं पाणी आटतं, घराला तडे जातात, छातीत धूळ जाते, त्या लोकांसाठी. दान नाही, हक्काचा पैसा.

आता समजा, नुसतं समजा, एका पट्ट्यातून रोज 100 फेऱ्या होतात आणि एका फेरीत 5 ब्रास माल जातो. हे आकडे कुठल्या खदानीचे नाहीत, हिशेब कळावा म्हणून घेतलेत. 500 ब्रास, म्हणजे दिवसाला 3 लाख रुपये रॉयल्टी आणि 30 हजार रुपये प्रतिष्ठानला. वर्षाचे 300 दिवस धरले तर 9 कोटी रॉयल्टी, 90 लाख बाधित गावांचा निधी. आणि यातली पाचातली एक फेरी विनापास गेली तर? 1 कोटी 80 लाख सरकारचे बुडाले आणि 18 लाख थेट गावाच्या खिशातून गेले. अठरा लाखांत आरोग्य उपकेंद्राची दुरुस्ती होते, पाण्याची टाकी होते.

म्हणून म्हणतो, विनापास डंपर गेला म्हणजे 'सरकारचं नुकसान झालं' असं म्हणून हात झटकू नका. त्यात दहावा हिस्सा तुमचा होता.

आणि हा हिशेब जाहीर करायला कायद्याची अडचण आहे का? उलट, कायदा तर सांगतोच. प्रतिष्ठानसाठी केंद्राने 2015 मध्ये ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत स्पष्ट लिहिलंय : प्रत्येक प्रतिष्ठानने संकेतस्थळ चालवायचं, त्यावर बाधित गावांची आणि लोकांची यादी, दर तिमाहीला जमा झालेला पैसा, बैठकांची इतिवृत्तं, कामांची यादी, सगळं ठेवायचं. 2024 मध्ये या सूचना सुधारल्या आणि किमान 70 टक्के पैसा प्रत्यक्ष बाधित भागातच खर्च करा असं सांगितलं. माहितीच्या अधिकाराचं कलम 4 तर 2005 पासून आहे : 17 प्रकारची माहिती कुणी मागायच्या आधी स्वतःहून जाहीर करा, 120 दिवसांत करा. आता वीस वर्षं उलटून गेली. एका गावाच्या नावाने, मराठीत, एका कागदावर 'इथून इतके ब्रास गेले, इतकी रॉयल्टी आली, त्यातले इतके या गावावर खर्च झाले' असा तक्ता चावडीवर लावलेला मी आजवर पाहिलेला नाही. तुम्ही पाहिला असेल तर फोटो टाका, मी जाहीर सत्कार करतो.

'अहो, आता सगळं ऑनलाईन झालंय. महाखनिजवरून पास निघतो, गाडीला जीपीएस आहे.' हो, झालंय. चांगलंच झालंय. पण तो पास गाडीवाल्यासाठी आणि तपासणाऱ्यासाठी. गावाला त्यातून काय कळतं? बँकेत पैसे भरल्याची पावती भरणाऱ्याकडे आणि बँकेकडे असते, पण ज्याच्या नावाचं खातं आहे त्याला पासबुक नको का? आम्ही पासबुक मागतोय.

गावच गायब झालं

इथे आपल्या भागाची एक खास गोम आहे. 3 जुलै 2009 रोजी वसई-विरार महापालिका झाली. 4 नगरपरिषदा आणि 53 गावं एकत्र करून. गावांनी विरोध केला, मोठं आंदोलन झालं, मे 2011 मध्ये सरकारने 29 गावं वगळण्याची अधिसूचना काढली. त्या यादीत चांदीप होतं, शिरसाड होतं, मांडवी, कोशिंबे होतं. मग कोर्ट, स्थगिती, तारखा. 2024 मध्ये सरकारने ती अधिसूचनाच मागे घेतली आणि गावं पालिकेत राहिली.

गावं पालिकेत असावीत की नसावीत, या वादात आज मी पडत नाही. दोन्ही बाजूंना बोलायला जागा आहे. पण पारदर्शकतेच्या दृष्टीने काय झालं ते बघा. ग्रामपंचायत होती तेव्हा ग्रामसभा होती. ती भरत नसेल, भरली तर भांडणं होत असतील, पण तिथे उभं राहून 'सरपंच, दाखल्याचा कागद वाचून दाखवा' असं म्हणायची कायदेशीर जागा होती. वसई तालुक्याचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात आहे. तिथे 1996 च्या पेसा कायद्याने गौण खनिजाचा पट्टा देण्याआधी ग्रामसभेची किंवा योग्य त्या पातळीवरच्या पंचायतीची शिफारस सक्तीची केली. म्हणजे डोंगर फोडायच्या आधी गावाला विचारा. देशातल्या सगळ्यात ताकदवान कायद्यांपैकी हा एक. पण पालिकेच्या हद्दीत ग्रामसभाच नाही, तर विचारणार कोणाला?

महापालिका कायद्यात तिच्याऐवजी 'क्षेत्रसभा' आहे. कागदावर. चांदीपमध्ये ती भरल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही. वर 2020 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि जानेवारी 2026 च्या निवडणुकीपर्यंत सगळा कारभार प्रशासकांच्या हाती. साडेपाच वर्षं! ग्रामसभा नाही, क्षेत्रसभा नाही, नगरसेवक नाही. लंडनची आघाडी म्हणते, 'माहिती जाहीर झाली की लोक प्रश्न विचारतील.' साहेब, प्रश्न विचारायचा कुठे? ती खोलीच पाडून टाकली होती.

आणि न विचारल्याचे परिणाम काय होतात ते या शहराने मोजलेत. 2025 च्या सुरुवातीला नालासोपाऱ्यात डम्पिंग ग्राउंड आणि सांडपाणी प्रकल्पासाठी राखीव असलेल्या जागेवरच्या 41 बेकायदा इमारती पाडल्या. हजारो कुटुंबं रस्त्यावर आली. ऑगस्ट 2025 मध्ये विरारला रमाबाई अपार्टमेंट कोसळली, 17 माणसं गेली. तीही बेकायदाच. या इमारती रातोरात जादूने उगवल्या नाहीत. त्यांना वीट लागली, सिमेंट लागलं, खडी लागली. राखीव जागा कुठली, परवानगी कुणाला, हे ज्या कागदावर होतं तो कागद घर घेणाऱ्याच्या हातात वेळेवर आला असता, तर किती जणांनी आयुष्याची कमाई तिथे ओतली असती? पारदर्शकता हा सेमिनारचा विषय नाही. ढिगाऱ्याखालून माणसं काढताना कळतं तो काय विषय आहे.

आपल्यातलाही रोग सांगितला पाहिजे

आता थोडं कडू बोलतो. माहितीचा अधिकार वसई-विरारमध्ये काय झाला ते सगळ्यांना माहीत आहे, पण लिहीत कुणी नाही. 2018 मध्ये इथे माहिती अधिकाराच्या नावाखाली बिल्डरांकडून खंडणी मागणाऱ्यांवर एकामागून एक गुन्हे दाखल झाले. धंद्याची पद्धत साधी. अर्ज टाकायचा, बेकायदा बांधकामाचा कागद मिळवायचा, मग तो कागद लोकांना दाखवायचा नाही, बिल्डरला दाखवायचा. पुढचं सेटिंग चहाच्या टपरीवर.

यातून साहेब लोकांना आयतं कोलीत मिळालं. आज खरा प्रश्न घेऊन कुणी तहसीलला गेला तरी बाबू तोंडावर म्हणतो, 'तुम्हीपण त्यातलेच का?'

पण यातला धडा नीट समजून घ्या. लंडनवाल्यांनीही घ्यावा, म्हणून लिहितोय. माहिती मागितल्यावर एकाच माणसाच्या हातात पडली की ती त्याचं भांडवल होते. तीच माहिती सगळ्यांना एकदम मिळाली तर तिला बाजारात काही भाव राहत नाही. जो कागद चावडीवर चिकटलेला आहे त्यावरून कुणी कुणाला ब्लॅकमेल करू शकतो का? खंडणीखोर अर्जदार नको असतील तर सरकारने कलम 4 पाळावं. अर्जच करावा लागणार नाही. खंडणीखोर हे पारदर्शकतेमुळे निर्माण झाले नाहीत, ते पारदर्शकता अर्धवट ठेवल्यामुळे निर्माण झाले.

आणि ज्यांनी प्रामाणिकपणे कागद काढले त्यांचं काय झालं? 13 जानेवारी 2010 ला तळेगाव दाभाड्यात सतीश शेट्टींचा सकाळी फिरायला गेले असताना खून झाला. जमीन घोटाळ्यांची माहिती त्यांनी बाहेर काढली होती. माहिती मागणाऱ्याचा जीव जातो आणि माहिती विकणाऱ्याचा बंगला होतो, अशी व्यवस्था असेल तर गावातला पोरगा काय शिकेल?

त्यात आता नवीन दणका. नोव्हेंबर 2025 मध्ये डिजिटल व्यक्तिगत माहिती कायद्यातली तरतूद लागू झाली आणि माहिती अधिकाराचं कलम 8(1)(ञ) बदललं. आधी व्यक्तिगत माहिती नाकारायची तर तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही असं दाखवावं लागायचं, आणि व्यापक जनहित असेल तर द्यावीही लागायची. आता 'व्यक्तिगत माहिती आहे' एवढं म्हटलं की त्या कलमाखाली नकार तयार. सरकार म्हणतं कलम 8(2) शाबूत आहे, जनहित असेल तर देता येते. शाबूत आहे, पण ते सिद्ध करायला अपिलात जा. आणि अपिलाची रांग किती? सतर्क नागरिक संगठनच्या अहवालांनुसार 2023 आणि 2024 मध्ये महाराष्ट्राच्या माहिती आयोगात एक लाखाहून जास्त प्रकरणं पडून होती. देशात सगळ्यात जास्त. ज्या राज्याने केंद्राच्या आधी, 2002 मध्ये, माहिती अधिकाराचा कायदा केला, त्या राज्याची ही गत!

म्हणजे उद्या मी विचारलं की या गटातल्या खदानीचा पट्टा कुणाच्या नावावर, दंड कुणाला झाला, वसूल किती झाला, तर उत्तर येऊ शकतं : व्यक्तिगत माहिती. डोंगर सगळ्यांचा, धूळ सगळ्यांची, फक्त नाव तेवढं व्यक्तिगत.

'विकास अडवता का?'

हा प्रश्न येणारच, म्हणून आधीच उत्तर देतो. नाही अडवत. माझं घरही खडी-सिमेंटचंच आहे. बुलेट ट्रेन, विरार-अलिबाग कॉरिडॉर, बडोदा-मुंबई महामार्ग, सगळ्यांना दगड लागणार आणि तो जवळच्याच डोंगरातून येणार. 2025 मध्ये राज्याने कृत्रिम वाळूचं धोरण आणलं. प्रत्येक जिल्ह्यात पहिल्या 50 प्रकल्पांना 600 ऐवजी 200 रुपये ब्रास दराने सवलत. नद्या वाचवायच्या तर दगडाची वाळू करा, हा विचार चुकीचा नाही. पण त्याचा अर्थ इतकाच की नदीवरचा भार डोंगरावर येणार. पालघर जिल्ह्यातल्या डोंगरांवर येणार. तेव्हा खोदू नका असं म्हणत नाही, मोजून खोदा म्हणतो. आणि मोजलेलं दाखवा.

दुसरा आक्षेप आपल्याच चळवळीतल्या मित्रांचा. 'परदेशी आघाडीशी आपलं काय देणंघेणं? उगाच परदेशी हस्तक म्हणून शिक्का बसेल.' बसेल, हे खरं आहे. 2020 मध्ये परदेशी देणगी कायदा इतका आवळला की एका संस्थेने मिळालेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेला देणंच बंद झालं. म्हणजे दिल्लीच्या मोठ्या संस्थेने गावातल्या छोट्या गटाला मदत करायची वाटच बुजवली. म्हणूनच मी म्हणतो, पैसे नकोत. त्यांच्याकडून पैशांपेक्षा मोलाची गोष्ट घेता येते, ती म्हणजे मोजायची पद्धत. घाना असो, पेरू असो, इंडोनेशिया असो, कंपनीने दिलेले किती आणि सरकारने मिळाले म्हणून दाखवलेले किती, हे दोन रकाने शेजारी शेजारी ठेवायचे. फरक निघाला की तिथे बोट ठेवायचं. हे शिकायला व्हिसा लागत नाही आणि त्यावर कुठला शिक्काही बसत नाही.

आणि आपण काही कोऱ्या पाटीचे नाही. शेजारी गोव्यात बघा. न्यायमूर्ती शहा आयोगाने तिथल्या बेकायदा लोहखनिज उत्खननातून सुमारे 35,000 कोटींचं नुकसान झाल्याचा अंदाज दिला. 'गोवा फाउंडेशन'ने चिकाटीने खटला लढवला. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खनिज विक्रीच्या 10 टक्के रक्कम पुढच्या पिढ्यांसाठी कायम निधीत ठेवायला सांगितलं आणि 2018 मध्ये 88 पट्ट्यांची नूतनीकरणं रद्द केली. त्यामागचा विचार असा : खनिज हे उत्पन्न नाही, ते वडिलार्जित सोनं आहे. ते विकलं तर पैसा पोराबाळांसाठी बाजूला काढायचा, घरखर्चात उडवायचा नाही. हे आपल्या आजीला लंडनशिवाय कळत होतं.

आणि वसई तरी गप्प बसणारी होती का? 1989-90 च्या सुमाराला सिडको आली, टँकरवाल्यांनी विहिरी उपसायला घेतल्या, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या पुढाकाराने 'हरित वसई' उभी राहिली. हजारोंनी लोक रस्त्यावर आले. तेव्हा ना माहितीचा अधिकार होता, ना मोबाईल. आज दोन्ही आहे आणि आपण फॉरवर्ड करतो.

मग धोरण कसं हवं?

लंडनच्या मंडळींना कुणी मराठी समजणारा माणूस असेल तर त्याने हे पाच मुद्दे पोचवावेत.

1. तेल आणि सोन्याबरोबर दगड, वाळू, मुरूम धरा. जगातले सगळ्यात जास्त लोक याच खाणींच्या शेजारी राहतात.

2. मोजायचं माप बदला. देश आणि कंपनी नको, गाव आणि खदान धरा. लाख युरोची अट गावाच्या कामाची नाही.

3. जाहीर होणं हे शेवटचं स्टेशन मानू नका. कागद इंग्रजीत पीडीएफमध्ये पडला म्हणजे जाहीर झाला, हे थांबवा. लोकांच्या भाषेत, लोकांच्या चावडीवर आणि ज्यावर प्रश्न विचारता येईल अशा सभेत वाचला गेला, तरच जाहीर झाला.

4. विचारणाऱ्याला सांभाळा. वकील, प्रसिद्धी, सोबत. गावात एकटा पडलेला माणूस अहवालांनी वाचत नाही, चार माणसं बरोबर उभी राहिली तर वाचतो.

5. देणगीदार गेला तरी काम चालेल असं काम उभं करा. 2025 ने शिकवलं की दुसऱ्याच्या तिजोरीवर उभी केलेली चळवळ तिजोरीबरोबर बंद होते.

आणि आपण?

लंडनचं पत्र येईल तेव्हा येईल. आपल्याला त्याची वाट बघायचं कारण नाही. तीन गोष्टी आत्ता होतात.

एक : चांदीप, शिरसाड, मांडवी, कोशिंबे, कणेर, प्रत्येक गावातून एक अर्ज, दहा जणांच्या वेगवेगळ्या सह्यांचे दहा अर्ज. मागायचं एवढंच : या गावाच्या हद्दीतले खदानींचे पट्टे, गेल्या तीन वर्षांतले ब्रास, भरलेली रॉयल्टी, ईटीएस मोजणीत निघालेलं उत्खनन, जमीन महसूल संहितेच्या कलम 48(7) खाली झालेला दंड आणि प्रत्यक्ष वसुली. तो दंड बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत असतो. लावणं सोपं, वसूल किती झाला तो खरा प्रश्न. आलेलं उत्तर कुणाच्या बॅगेत जाणार नाही, आल्या दिवशी देवळाच्या आणि शाळेच्या भिंतीवर लागेल. ज्याला हे मान्य नाही त्याने या कामात येऊ नये.

दोन : जिल्हाधिकाऱ्यांना एकच मागणी. प्रतिष्ठानचा गाववार जमाखर्च मराठीत लावा. नवीन काही देऊ नका, 2015 च्या सूचनेत आहे तेवढंच द्या.

तीन : नगरसेवक आता निवडून आलेत. साडेपाच वर्षांनी सभागृह भरलंय. पक्ष कुठलाही असो, आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला विचारा, 'क्षेत्रसभा कधी?' तारीख मागा. 'बघू' हे उत्तर चालणार नाही.

याने लगेच काही होईल का? नाही. पहिल्या अर्जाला 'माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही' असं उत्तर येईल. ते पण भिंतीवर लावा. सरकारकडे आपल्या डोंगराचा हिशेब संकलित स्वरूपात नाही, ही बातमी काय छोटी आहे?

डोंगर एकदा गेला की परत येत नाही. तुंगारेश्वरचा हिरवा पट्टा समोर आहे तोवर आपल्याला वाटतं डोंगर खूप आहेत. कापलेल्या कड्यासमोर उभे राहिलात तर कळेल, तो आकडा खूप नाही, तो मोजता येण्यासारखा आहे. म्हणून तर कुणी मोजत नाही.

तेव्हा मोजायला सुरुवात करू. पटलं असेल तर नुसता अंगठा दाखवू नका. अर्जावर सही करा. फी फक्त 10 रुपये आहे.

जय महाराष्ट्र.